अल्ट्रासाउंडने तांबड्या पेशींचे पुंजके तपासताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पॅथॉलॉजीचे आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, सोनोग्राफी करणारे तंत्रज्ञ आणि हातात रिपोर्ट घेऊन बसलेले रुग्णांचे नातेवाईक सतत विचारतात. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, नंतरचे अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. तांबड्या पेशींचे पुंजके म्हणजे रक्ताची गुठळीच ना?

नाही. हा गोंधळ सगळ्यात आधी दूर व्हायला हवा. गुठळीत फायब्रिन या धागेदार प्रथिनाचं जाळं तयार होतं, पेशी त्यात अडकतात आणि ते जाळं आपोआप सुटत नाही. पुंजक्यात असं जाळं नसतं. संथ रक्तात तांबड्या पेशी सपाट बाजूने एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चवडीसारख्या रांगा धरतात. त्यांना रुलो म्हणतात. रांगा वाढल्या की एकमेकींत गुंतून मोठे पुंजके होतात. प्रवाहाचा जोर वाढला की ते फुटून पेशी सुट्या होतात, जोर कमी झाला की काही सेकंदांत पुन्हा जुळतात. हे दिवसभर शरीरात चालू असतं.

तिसरा प्रकार प्रतिपिंडांमुळे पेशी चिकटण्याचा. रक्तगट तपासताना काचपट्टीवर दिसतो तो हाच. ती पकड मजबूत असते आणि नुसत्या ढवळण्याने सुटत नाही. या पानावर ‘पुंजका’ हा शब्द फक्त सुटणाऱ्या, रुलो प्रकारच्या पुंजक्यासाठी वापरला आहे.

२. पेशी चिकटतात कशामुळे?

दोन गोष्टी लागतात. प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) मोठ्या रेणूंची प्रथिनं हवीत आणि प्रवाह संथ हवा. प्रथिनांत फायब्रिनोजेनचा वाटा सर्वांत मोठा, त्याखाली ग्लोब्युलिन्स. निरोगी माणसात फायब्रिनोजेन लिटरमागे साधारण २ ते ४ ग्रॅम असतं. संसर्ग, सूज, गरोदरपण यांत ते वाढतं आणि त्याबरोबर पुंजकेही वाढतात.

प्रथिनं पेशींना नेमकी कशी जोडतात, यावर दोन मतं आहेत. पहिलं मत असं की रेणू दोन पेशींच्या पृष्ठभागांना एकाच वेळी धरून पूल बांधतात. दुसरं असं की दोन पेशींमधल्या अरुंद फटीत मोठे रेणू मावत नाहीत, त्यामुळे फटीत त्यांचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा कमी राहतं आणि बाहेरचा दाब पेशींना जवळ ढकलतो. त्याविरुद्ध पेशींच्या पृष्ठभागावरचा ऋण विद्युतभार त्यांना दूर ठेवू पाहतो. या ओढाताणीत कोण जिंकतं, हे पुष्कळसं प्रवाहावर ठरतं.

पेशी सलाइनमध्ये नीट धुऊन घेतल्या की पुंजके होत नाहीत. ही साधी गोष्ट प्रयोगात फार उपयोगी पडते (प्रश्न १५).

३. निरोगी माणसातही पुंजके होतात का?

हो. त्यांचं असणं म्हणजे आजार नव्हे. ते किती सहज बनतात, किती मोठे होतात आणि फोडायला किती जोर लागतो, यावर सगळं अवलंबून आहे.

४. पेशी एवढीशी, मग अल्ट्रासाउंडला ती दिसते कशी?

सुटी पेशी दिसत नाही. तांबड्या पेशीचा व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर, जाडी सुमारे २ मायक्रोमीटर. ५ मेगाहर्ट्झच्या ध्वनीची शरीरातली तरंगलांबी सुमारे ३०० मायक्रोमीटर, म्हणजे पेशीच्या जवळपास ४० पट. एवढ्या मोठ्या लाटेने एवढी लहान वस्तू वेगळी दाखवता येत नाही.

पण पेशी ध्वनीचा अगदी बारीक अंश सर्व दिशांना विखुरते. ती प्लाझ्मापेक्षा ६ ते ७ टक्क्यांनी जड आणि थोडी कमी दबणारी असते, म्हणून. एका घन मिलिमीटरमध्ये अशा सुमारे ५० लाख पेशी असतात. त्या सगळ्यांकडून परत आलेल्या क्षीण लहरी एकमेकींत मिसळतात आणि प्रोबपर्यंत (ध्वनी पाठवणाऱ्या आणि परत ऐकणाऱ्या उपकरणापर्यंत) एकच संदेश पोचतो. आपण वाचतो तो हा एकत्रित संदेश, आणि पेशी कशा मांडल्या आहेत याची माहिती त्यातच दडलेली असते.

प्लेटलेट फार लहान आणि पांढऱ्या पेशी संख्येने फार कमी, म्हणून नेहमीच्या रक्तात हा प्रतिध्वनी जवळजवळ पूर्णपणे तांबड्या पेशींचाच असतो.

५. पुंजके झाले की प्रतिध्वनी वाढतो असं म्हणतात. पेशी तर तेवढ्याच आहेत, मग वाढतो कसा?

मला हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

तरंगलांबीच्या मानाने वस्तू खूप लहान असली की तिने विखुरलेली ऊर्जा तिच्या आकारमानाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हे रॅलेचं विखुरण. समजा १,००० सुट्या पेशी आहेत आणि प्रत्येक पेशी १ एकक ऊर्जा परत पाठवते. एकूण १,००० एककं. आता त्याच पेशींचे दहा-दहाचे १०० पुंजके झाले. प्रत्येक पुंजक्याचं आकारमान १० पट, म्हणून त्याची परतणारी ऊर्जा १०० पट. असे १०० पुंजके, म्हणजे एकूण १०,००० एककं. पेशी तेवढ्याच राहिल्या, प्रतिध्वनीची ऊर्जा १० पट झाली. डेसिबलमध्ये ही वाढ १० डेसिबलची.

खऱ्या रक्तात पेशी दाटीने असतात, त्यामुळे हिशेब इतका सरळ उतरत नाही (प्रश्न ९). पुंजके तरंगलांबीच्या जवळ पोचले की वर्गाचा नियमही लागू राहत नाही (प्रश्न ७). तरी दिशा हीच. सुट्या पेशींचं रक्त सोनोग्राफीत काळं दिसतं आणि पुंजक्यांचं करडं, हलणारं दिसतं, त्याचं मूळ या गणितात आहे. १९८० च्या दशकात बर्नार्ड सिगेल आणि सहकाऱ्यांनी रक्ताचं हे उजळणं तांबड्या पेशींच्या पुंजक्यांशी जोडून दाखवलं.

६. ईएसआर असताना हे सगळं कशाला?

ईएसआर म्हणजे उभ्या नळीतल्या रक्तात तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात याचं माप. तोही पुंजक्यांमुळेच वाढतो. पुंजके जड, म्हणून लवकर खाली बसतात. बिएर्नाकी यांनी १८९७ मध्ये आणि फोरिअस यांनी १९२१ मध्ये या निरीक्षणाला शास्त्रीय रूप दिलं. तपासणी स्वस्त आहे आणि शंभर वर्षं टिकली आहे. तिला कमी लेखायचं कारण नाही.

पण ईएसआर शरीराबाहेरच्या, उभ्या नळीत स्थिर ठेवलेल्या रक्ताचा असतो. तासाभराने एक आकडा मिळतो आणि रक्तक्षयानेही तो बदलतो. अल्ट्रासाउंड वाहत्या रक्तात, रक्तवाहिनीच्या आत, सुई न टोचता, सेकंदासेकंदाला पाहू शकतो. पुंजके वाहिनीच्या कडेला आहेत की मध्ये, प्रवाह मंदावल्यावर किती लवकर बनले, हे ईएसआर सांगू शकत नाही. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

७. कोणती फ्रिक्वेन्सी वापरावी?

किती खोल पाहायचंय, यावर ठरतं. रॅलेच्या विखुरणात प्रतिध्वनी फ्रिक्वेन्सीच्या चौथ्या घाताने वाढतो. फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की रक्ताचा प्रतिध्वनी १६ पट. म्हणून १० मेगाहर्ट्झला रक्त ५ मेगाहर्ट्झपेक्षा बरंच स्पष्ट ‘बोलतं’. मात्र ऊतींमध्ये ध्वनी विरण्याचं प्रमाणही फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतं, म्हणून खोल वाहिन्यांसाठी कमी फ्रिक्वेन्सीवरच राहावं लागतं.

आकार शोधायचा असेल तर एका फ्रिक्वेन्सीवर भागत नाही. ३० मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ५० मायक्रोमीटर उरते. दहा पेशींची रुलो तिथे ‘खूप लहान’ राहत नाही, आणि चौथ्या घाताची चढण बोथट होते. ही चढण किती बोथट झाली, यावरून पुंजक्यांच्या आकाराचा अंदाज येतो. म्हणून संशोधनात रुंद पट्ट्याचे, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारे प्रोब घेऊन पूर्ण वर्णपट, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला किती प्रतिध्वनी आला ते, नोंदवतात (पुढचा भाग प्रश्न १३ मध्ये).

८. प्रत्येक ठिकाणी ‘शिअर रेट लिहा’ असा आग्रह का?

कारण त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. रक्ताचे शेजारशेजारचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात, याचं माप म्हणजे शिअर रेट. त्याचं एकक प्रतिसेकंद. निरोगी रक्तात तो ५० ते १०० च्या वर गेला की बहुतेक पुंजके फुटलेले असतात. १० च्या खाली ते जोमाने बनतात. धमनीच्या भिंतीजवळ तो शेकड्यांत असतो, शिरांमध्ये बराच कमी.

एकाच माणसाचं, एकाच सुईने काढलेलं रक्त दोन वेगवेगळ्या शिअर रेटला तपासलं तर दोन वेगळ्याच रुग्णांचं वाटावं, इतका फरक पडतो. ‘या रुग्णात प्रतिध्वनी जास्त आला’ एवढंच लिहिलेली नोंद मी पुरावा मानत नाही. शिअर रेट, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण), फ्रिक्वेन्सी आणि तापमान ही चार मापं आकड्याशेजारी हवीतच.

९. हिमॅटोक्रिट जास्त म्हणजे प्रतिध्वनी जास्त, असंच ना?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. पेशी विरळ असताना हे खरं असतं. पण पेशी दाटू लागल्या की त्यांच्या जागा एकमेकींवर अवलंबून राहतात. मांडणी एकसारखी होऊ लागते आणि परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडून काढतात. अगदी गच्च आणि सारख्या भरलेल्या माध्यमातून प्रतिध्वनी येतच नाही. प्रतिध्वनीला चढउतार लागतात.

म्हणून पुंजके नसलेल्या रक्तात हिमॅटोक्रिट वाढवत नेलं की प्रतिध्वनी आधी वाढतो आणि मग उतरतो. पेशींना कडक गोल मानणारं गणित हे शिखर सुमारे १३ टक्क्यांवर दाखवतं. प्रवाह खळाळता असेल तर शिखर पुढे सरकतं. आपल्या नेहमीच्या रक्ताचं ४०-४५ टक्के हिमॅटोक्रिट उताराच्या बाजूला येतं. त्यामुळे रक्तक्षयाच्या रुग्णात प्रतिध्वनी वाढलेला दिसला तर लगेच ‘पुंजके’ म्हणू नका, आधी हिमॅटोक्रिट पाहा.

पुंजके झाले की चढउतार परत येतात. कुठे पेशींचा ढीग, कुठे नुसता प्लाझ्मा. दाट रक्तातही पुंजके उठून दिसतात ते यामुळे.

१०. नळीच्या मध्यभागी प्रवाहाचा शिअर सर्वांत कमी. मग तिथे सर्वांत उजळ दिसायला हवं. आम्हाला काळा ठिपका दिसतो. मशीन बिघडलं का?

मशीन ठीक आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुंद नळीतल्या संथ, स्थिर प्रवाहात हा काळा मध्यभाग नोंदवला गेला, आणि संशोधनात त्याला ‘ब्लॅक होल’ असंच म्हणतात. शिअर फार असेल तर पुंजके फुटतात हे खरं, पण शिअर अजिबात नसेल तर पेशी एकमेकींपर्यंत पोचतच नाहीत. जुळण्यासाठी आधी भेट व्हावी लागते आणि भेट घडवायला थोडं सरकणं लागतं. नळीच्या अगदी मध्यावर शिअर शून्याजवळ असल्याने तिथे भेटी कमी, पुंजके कमी, प्रतिध्वनी कमी. त्याभोवतीच्या कड्यात शिअर बेताचा, म्हणून तिथे उजळ. भिंतीशी पुन्हा अंधार.

कमी शिअर म्हणजे जास्त पुंजके, हे वाक्य पाठ करून चाललेल्या प्रत्येकाने हे चित्र एकदा तरी स्वतः पाहावं.

११. नाडीच्या ठोक्याबरोबर रक्त उजळ-अंधुक होतं. तो पुंजक्यांचाच खेळ का?

बऱ्याच अंशी हो, पण एकटा नव्हे. ठोक्यासरशी वेग वाढतो, पुंजके फुटतात, वेग ओसरला की जुळतात. त्याशिवाय प्रवाहाच्या वेग वाढण्या-घटण्याचा पेशींच्या मांडणीवर परिणाम होतो आणि रुलो प्रवाहाच्या दिशेने कलतात. लांबट पुंजका कोणत्या कोनातून पाहिला यावरही प्रतिध्वनी बदलतो. प्रोबचा कोन बदलून पुन्हा मोजलं तर यातला कोनाचा वाटा ओळखता येतो.

१२. साध्या डॉपलरने काम होईल का?

थोडंफार. डॉपलर परतलेल्या ध्वनीवरून रक्ताचा वेग मोजतो, आणि त्याच्या संदेशाची शक्तीही पुंजक्यांबरोबर वाढते. पण डॉपलरमध्ये भिंतीची हालचाल गाळण्यासाठी एक फिल्टर असतो आणि तो मंद गतीच्या संदेशांना कापतो. पुंजके राहतात ते नेमके मंद रक्तात. नको ते गाळताना हवं तेच जातं.

साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रालाही मर्यादा आहेत. मशीन आतल्या आत गेन (संदेश किती वाढवायचा ते) बदलतं, चित्र देखणं करतं, उजळपणा लॉगरिदमने दाबतं. पडद्यावरचा करडा रंग म्हणजे मोजमाप नव्हे. संख्येत काही सांगायचं असेल तर प्रोबकडून आलेला कच्चा रेडिओ-फ्रिक्वेन्सी डेटा मिळवा. ते शक्य नसेल तर सगळ्या सेटिंग्ज कुलूपबंद ठेवून फक्त आधी-नंतरची तुलना करा.

१३. पुंजक्याचा आकार मायक्रोमीटरमध्ये मिळतो का?

थेट नाही, अंदाजाने मिळतो. मोजलेला वर्णपट एखाद्या गणिती प्रारूपाशी जुळवायचा आणि त्यातून आकार काढायचा, ही पद्धत. माँट्रिअलमधल्या गी क्लुतिए यांच्या गटाने मांडलेल्या प्रारूपातून दोन संख्या मिळतात. एक पेशी किती एकवटल्या आहेत ते सांगते. दुसरी पुंजक्याचा सरासरी व्यास पेशीच्या आकाराच्या पटीत देते.

आकडा वापरताना प्रारूपाची गृहीतकं लक्षात ठेवा. पुंजका साधारण गोल आणि सगळीकडून सारखा मानलेला असतो. लांब, सुट्या रुलोंच्या रक्तात हे गृहीतक ताणलं जातं. पुंजके फार मोठे झाले तरी जुळणी ढासळते. एकाच रक्तात शिअर वाढवत नेताना आकार कमी होतोय का, ही चढती-उतरती रेघ एकट्या आकड्यापेक्षा जास्त विश्वासाची.

१४. त्वचेवरून मोजताना काय बदलतं?

वाटेतलं सगळं. त्वचा, चरबी, स्नायू ध्वनी गिळतात, आणि उंच फ्रिक्वेन्सी जास्त गिळतात. त्यामुळे वर्णपटाची चढण बोथट दिसते. प्रश्न ७ आठवा, मोठे पुंजकेही हेच करतात. म्हणजे जाड त्वचेचा माणूस आणि मोठ्या पुंजक्यांचा माणूस सुधारणा न केलेल्या डेटात सारखेच दिसू शकतात.

यावर उपाय दोन. एक, गुणधर्म माहीत असलेल्या फँटमशी (ऊतींसारख्या कृत्रिम नमुन्याशी) तुलना करून वाटेतली घट हिशेबात धरणं. दोन, घट ही स्वतंत्र अज्ञात संख्या मानून आकाराबरोबरच तीही प्रारूपातून काढणं. दुसऱ्या उपायात अज्ञात वाढतात, म्हणून डेटा अधिक स्वच्छ लागतो.

१५. प्रयोगासाठी कोणतं रक्त घ्यावं आणि ते कसं हाताळावं?

प्राण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घोड्याच्या रक्तात पुंजके जोरात होतात. गाईच्या रक्तात जवळजवळ होतच नाहीत. डुकराचं रक्त माणसाच्या बरंच जवळ जातं, म्हणून प्रयोगांत ते खूप वापरतात.

रक्त गोठू नये म्हणून त्यात घातलेला पदार्थ आणि त्याचं प्रमाण प्रत्येक नमुन्यात एकच ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका. नमुना ताजा, काढल्यापासून काही तासांच्या आत वापरा. मोजण्याआधी हलक्या हाताने पण पूर्ण मिसळा आणि बुडबुडे काढून टाका. एक बारीक बुडबुडा लाखो पेशींचा प्रतिध्वनी झाकून टाकतो. तापमान स्थिर ठेवा. पेशी खाली बसू लागल्या की नळीत वर-खाली वेगळं हिमॅटोक्रिट होतं, तेही ध्यानात असू द्या.

आणि तुलनेचे नमुने नक्की ठेवा. त्याच पेशी सलाइनमध्ये धुऊन, म्हणजे पुंजके शून्य. त्याच पेशी डेक्स्ट्रान (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) ७० किंवा त्याहून मोठ्या रेणूंच्या डेक्स्ट्रानमध्ये, म्हणजे पुंजके भरपूर. डेक्स्ट्रान ४० चालणार नाही, त्याचे रेणू लहान असल्याने असा परिणाम मिळत नाही. या दोन टोकांमध्ये तुमचं मोजमाप नीट फरक दाखवत नसेल, तर रुग्णाच्या रक्ताकडे वळण्यात अर्थ नाही.

१६. वडिलांच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या आलिंदात (वरच्या कप्प्यात) ‘स्मोक’ लिहिलंय. रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, तरी तो गेला नाही. औषध लागू पडत नाही का?

स्मोक तिथेच आहे म्हणून औषध निकामी, असा अर्थ काढू नका. मिट्रल झडप अरुंद झाली किंवा एट्रियल फिब्रिलेशन (आलिंदाचे अनियमित ठोके) असलं की डाव्या आलिंदात रक्त रेंगाळतं. रेंगाळलेल्या रक्तात तांबड्या पेशींचे पुंजके होतात आणि पडद्यावर धुरासारखे वळसे दिसतात. गुठळी थांबवणारी औषधं गोठण्याच्या साखळीवर काम करतात. पुंजके त्या साखळीतून बनत नाहीत (प्रश्न १), त्यामुळे औषध नीट लागू असतानाही स्मोक दिसत राहू शकतो.

मात्र स्मोक दुर्लक्ष करण्याजोगाही नाही. रक्त साचतंय याची ती खूण आहे, आणि साचलेल्या रक्तात गुठळीचा व पक्षाघाताचा धोका जास्त असतो. म्हणूनच ते औषध दिलेलं असतं. वडिलांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका, बदलूही नका.

१७. पायाच्या शिरेत रक्त करडं, हळू सरकताना दिसलं. गुठळी समजायची का?

नुसत्या करड्या रंगावरून नाही. संथ शिरेत पुंजके दिसणं नेहमीचं आहे. तपासणारे प्रोबने शीर दाबून पाहतात. पुंजक्यांचं रक्त असेल तर शीर पूर्ण मिटते, गुठळी असेल तर मिटत नाही. पोटरी दाबल्यावर करडेपणा वाहून जातो का, हेही पाहतात. निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा. पायाला अचानक सूज, दुखणं किंवा धाप असेल तर या पानावर थांबू नका, लगेच रुग्णालयात जा.

१८. सिकलसेलमध्ये आणि नवजात बाळात हीच मोजमापं चालतील का?

तशीच्या तशी नाही. विळ्याच्या आकाराच्या, कडक पेशी सपाट बाजूने नीट जुळत नाहीत, म्हणून रुलो कमी बनतात. ईएसआरही त्यामुळे कमी येतो. आजार गंभीर असतानाही प्रतिध्वनी ‘छान’ दिसू शकतो. त्यात रक्तक्षय असतोच, म्हणजे प्रश्न ९ ची गुंतागुंत वेगळी. नवजात बाळाच्या रक्तात पुंजके मोठ्या माणसापेक्षा कमी होतात, त्यामुळे प्रौढांचे आकडे त्याच्यासाठी तुलनेला घेऊ नयेत.

१९. अल्ट्रासाउंडमुळेच पेशी गोळा होतात असंही वाचलं. मग आपण पाहतोय ते आपणच तर तयार केलेलं नाही ना?

प्रश्न योग्य आहे आणि त्यामागे खरं निरीक्षण आहे. १९७१ मध्ये डायसन आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणात दाखवलं की स्थिर लहरी (जाणारा आणि परतणारा ध्वनी मिसळून एका जागी टिकणाऱ्या लहरी) तयार झाल्या की वाहिन्यांतल्या तांबड्या पेशी पट्ट्यापट्ट्यांनी थांबतात. या पट्ट्या अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने असतात. ३ मेगाहर्ट्झला ते अंतर सुमारे पाव मिलिमीटर. पेशींना तिथे ध्वनीच्या दाबाने ढकललेलं असतं, प्रथिनांनी जोडलेलं नसतं.

त्यासाठी सलग ध्वनी आणि समोरून परतवणारा पृष्ठभाग लागतो. चित्रण करणारी यंत्रं ध्वनीचे अगदी छोटे ठोके पाठवतात आणि मध्ये बराच वेळ गप्प असतात, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत स्थिर लहर टिकत नाही. प्रयोगशाळेतल्या लहान पात्रात मात्र समोरची काच किंवा धातूची भिंत ध्वनी परतवते. तिथे ध्वनी शोषणारा थर लावा, शक्ती कमी ठेवा आणि एक पडताळणी करा : शक्ती अर्धी करून पुन्हा मोजा. ध्वनीने पेशी हलवल्या नसतील तर शक्तीच्या फरकाचा हिशेब केल्यावर प्रतिध्वनी तोच राहतो. बदलला, तर त्या दिवसाचा डेटा बाजूला ठेवून आधी पात्र सुधारा.